'कोल निद्रे'ची छापील प्रत: नऊ महिने वाजवल्यानंतर

गेल्या ऑक्टोबरात जर्मन संगीतकार माक्स ब्रुखच्या 'कोल निद्रे' या चेलोसाठीच्या रचनेची (ओपस, म्हणजे रचना क्रमांक, 47) स्वरलिपीची नवी छापील प्रत मागवली. चेलो म्हणजे व्हायोलिनच्या जातीचं, बसून वाजवायचं मोठं वाद्य. आता जुलै संपत आलाय. आठवड्यातून चार-पाच दिवस ती स्टँडवर असते, त्यामुळे लिहिण्याइतका अनुभव नक्कीच जमलाय.

आधी माझ्याकडे झेरॉक्स होती, हातोहात फिरलेली. ब्रुख 1920 साली वारला, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांचे स्कॅन फुकटही मिळतात. मग पैसे का घालायचे? चेलोच्या पहिल्या ओळीसाठी.

चेलो सुरू होतो तेव्हा चाल सलग वाहत नाही. मोजके स्वर, मग विराम. पुन्हा मोजके स्वर, पुन्हा विराम. योम किप्पुर हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस सुरू होतो त्या संध्याकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे त्यांच्या प्रार्थनास्थळात, 'कोल निद्रे' म्हणतात. नवस-शपथांच्या बंधनातून मोकळं करणारं हे अरामी भाषेतलं पठण आहे. युरोपातल्या अश्कनाझी ज्यूंची त्याची जी चाल आहे, ती ब्रुखने घेतली. गाणाऱ्याचा गळा दाटून यावा तसे ते विराम आहेत. माझ्या झेरॉक्सवर मात्र कुणीतरी पेन्सिलीने त्यांच्यावरूनच जोडरेषा ओढल्या होत्या. मी दोन वर्षं तसंच वाजवत होते, सगळं गोड आणि सलग. नव्या प्रतीत तो विराम स्वच्छ, सुटा छापलेला दिसला आणि मी बो (गज) तारेवरून उचलला. चेलो शिकवणारे माझे सर एवढंच म्हणाले, "आता श्वास घेतलास."

संचात चेलोचे दोन पार्ट (वाजवणाऱ्याच्या वह्या) आहेत: एक कुठलं बोट कुठे ठेवायचं आणि बो कसा फिरवायचा याच्या खुणांसह, दुसरा पूर्ण कोरा. मी खुणांच्या पार्टवरून सुरुवात केली, पण त्यातली बोटं लांब हातांसाठी आहेत. टेनर क्लेफमधल्या, म्हणजे उंच स्वरांच्या, जागांवर माझी करंगळी ताणून दुखायला लागली. डिसेंबरात कोरा पार्ट काढला आणि सरांबरोबर बसून माझ्या हाताला झेपतील अशी बोटं लिहिली. खरा उपयोग या कोऱ्या पार्टचाच झाला.

प्रस्तावना छोटी पण वाचण्यासारखी आहे. ब्रुख ज्यू नव्हता, प्रॉटेस्टंट होता. बर्लिनमध्ये असताना तिथल्या सिनेगॉगचे गायक लिख्टेनश्टाइन यांच्या घराशी ओळख झाली आणि या चाली त्याच्या कानावर आल्या. रचना 1880 सालची, लिव्हरपूलमधली. तिथल्या फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा तो संचालक झाला होता. 1881 साली बर्लिनच्या झिमरॉक या प्रकाशकाने ती छापली. अर्पण केली आहे रॉबर्ट हाउसमान या चेलोवादकाला. पुढे नाझींनी ब्रुखचं संगीत वाजवू दिलं नाही, त्याला एक कारण हीच रचना. हे वाचल्यावर दोन दिवस वाजवायला बसवलं नाही.

उदास डी मायनर स्वरश्रेणी संपून उजळ डी मेजर येते, तिथे चालही बदलते. ही संगीतकार आयझॅक नेथनने इंग्रज कवी बायरनच्या कवितेला लावलेली चाल. कविता बॅबिलॉनच्या नदीकाठी रडणाऱ्यांबद्दल आहे. ऑर्केस्ट्रात इथे हार्पचे झंकार असतात. ऑर्केस्ट्राऐवजी साथीला असलेल्या पियानोच्या पार्टमध्ये ते उतरवलेत, पण पियानो वाजवणाऱ्या माझ्या भाचीला ते जड जातात. स्वर लांबवणारं पियानोचं पेडल थोडं जास्त पडलं की चेलोचे खालचे स्वर बुडतात. आम्ही आता हा भाग जरा सावकाश घेतो.

तक्रारी दोन. पियानोच्या वहीचं एक पान अगदी नको तिथे उलटावं लागतं. आम्ही त्या पानाची झेरॉक्स बाजूला लावतो. दुसरी बांधणीची: पहिले दोन महिने वही उघडी राहीना, चिमटे लावावे लागले. कागद जाड, फिकट पिवळसर आहे, खोडून खोडून अजून फाटलेला नाही. ठाण्याच्या दमट हवेत कडा थोड्या फुगल्यात, बस.

चौथ्या पोझिशनच्या (तारेवरच्या हाताच्या जागेच्या) वर, उंच स्वरांवर, हात स्थिर नसेल त्यांनी घाई करू नये. शेवटाकडे चेलो उंच जाऊन अगदी हळू विरतो, आणि तिथे सूर किंचित हलला तरी ऐकू येतो. माझा अजून हलतो.