आमदारकी की खासदारकी: नीलेश लंके यांच्या वाटचालीवरून एक तुलना

तालुक्यात जम बसलेल्या नेत्यापुढे विधानसभा लढवावी की लोकसभा, हा प्रश्न कधी ना कधी उभा राहतो आणि बहुधा तो घाईघाईत सोडवावा लागतो. २०२४ मध्ये महाराष्ट्रातून प्रणिती शिंदे, वर्षा गायकवाड, प्रतिभा धानोरकर, बळवंत वानखडे अशी विधानसभेत बसलेली काही मंडळी लोकसभेवर गेली. त्यांतले नीलेश लंके यांचे उदाहरण निर्णय करू पाहणाऱ्याला सर्वांत उपयोगी वाटते, कारण त्यांची सारी शक्ती एका तालुक्यात उभी राहिली होती.

पारनेर तालुक्यातील हंगा या गावचे लंके शिवसेनेतून राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये आले. २०१९ मध्ये विधानसभेचे तत्कालीन उपाध्यक्ष विजय औटी यांचा त्यांनी सुमारे ६० हजार मतांनी पराभव केला. करोनाकाळात भाळवणी येथे चालवलेल्या उपचार केंद्रामुळे त्यांचे नाव जिल्ह्याबाहेर पोहोचले. मार्च २०२४ मध्ये आमदारकीचा राजीनामा देऊन त्यांनी शरद पवार यांच्या पक्षातर्फे अहमदनगरची जागा लढवली आणि भाजपचे तत्कालीन खासदार सुजय विखे पाटील यांना सुमारे २९ हजार मतांनी हरवले. म्हणजे एका मतदारसंघात ६० हजारांचे मताधिक्य मिळवणाऱ्या उमेदवाराला लोकसभेच्या जागेतले सहा विधानसभा मतदारसंघ मिळून त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळाले. लोकसभेला तालुक्याची माया पुरत नाही.

पैशाचा हिशेबही तसाच आहे. मोठ्या राज्यांत उमेदवाराला विधानसभेसाठी ४० लाख आणि लोकसभेसाठी ९५ लाख रुपयांपर्यंत खर्च करता येतो. सहापट मतदारांसाठी ही मर्यादा अडीचपटही नाही. (प्रत्यक्षातला खर्च हा वेगळ्या लेखाचा विषय.) निवडून आल्यावर तर कात्री अधिकच लागते. खासदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात आणि महाराष्ट्रातल्या आमदाराचा निधीही ५ कोटींचाच आहे. त्यामुळे खासदाराने समान वाटणी केली, तर एका विधानसभा क्षेत्राच्या वाट्याला ८३ लाखांच्या आसपास रक्कम येते. सभामंडप, रस्ता, पाण्याची टाकी मागायला आलेल्या सरपंचाला हा हिशेब समजावणे सोपे नसते.

मग खासदारकी घ्यावी कशासाठी? याचे उत्तर लंके यांनी जुलै २०२४ मध्ये दूध आणि कांद्याच्या भावासाठी केलेल्या आंदोलनात सापडते. कांद्यावर निर्यातबंदी घालणे, ती उठवणे, निर्यातशुल्क लावणे हे निर्णय केंद्र सरकार घेते, तर गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान राज्य सरकारने जाहीर केले होते. मागणी एकाच मंडपातून झाली, तरी तिचे दोन अर्धे दोन वेगळ्या राजधान्यांत जातात. ज्याचा मुख्य लढा निर्यात, रेल्वे किंवा राष्ट्रीय महामार्गाशी आहे, त्याला दिल्लीत जाण्यात अर्थ आहे. ज्याचा लढा तलाठी कार्यालय, रोहित्र, पीककर्ज आणि पोलीस ठाण्याभोवती फिरतो, त्याने विधानसभाच धरून ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

सभागृहातले हत्यारही निराळे असते. मुंबई-नागपूरच्या अधिवेशनांत लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी सूचना) लागली, तर राज्याच्या मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. लोकसभेत तारांकित प्रश्नाला, म्हणजे मंत्र्याने तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाला, सोडतीचे नशीब लागते आणि शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत, मिळतात ती काही मिनिटे. भाषेची भीती मात्र अनेकांना उगाच वाटते. प्रचारात इंग्रजीवरून डिवचले गेलेल्या लंके यांनी शपथ इंग्रजीत घेतली खरी, पण तेथे मराठीतूनही शपथ घेता येते आणि बोलताही येते.

शेवटचा विचार मागे राहणाऱ्या जागेचा. आमदार असताना लोकसभेवर निवडून आलेल्याला १४ दिवसांत विधानसभेचा राजीनामा द्यावा लागतो, नाहीतर लोकसभेची जागा जाते. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत धारावीत वर्षा गायकवाड यांच्या भगिनी ज्योती गायकवाड विजयी झाल्या, पण पारनेरमध्ये लंके यांच्या पत्नी राणी लंके काशिनाथ दाते यांच्याकडून अगदी थोड्या मतांनी पराभूत झाल्या. खासदार होऊन सहा महिनेही झाले नव्हते, तोच लंके यांची हक्काची जागा दुसऱ्याच्या हाती गेली होती.