सीडी३८, आयएल-६ की डी-डायमर? एचआयव्हीच्या अभ्यासात काय मोजावं

एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) नीट चालू आहे, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) सापडत नाही, तरी प्रतिकारयंत्रणा धुमसतेच. ते रक्तात मोजायला मार्कर, म्हणजे त्याची खूण देणारे घटक, भरपूर आहेत. निवडण्याआधी एवढंच बघा: रक्त त्याच दिवशी ताजं मिळणार, की उणे ८० अंशांवर साठवलेला जुना प्लाझ्मा (पेशी काढलेलं रक्तद्रव) हाती येणार? (एकट्या रुग्णाच्या उपचाराचा निर्णय यांवर घेत नाहीत, त्याला व्हायरल लोड आणि सीडी४ पेशींची संख्याच.)

ताजं मिळत असेल तर सीडी८ या प्रतिकारपेशींवर सीडी३८ आणि एचएलए-डीआर (पेशी सक्रिय झाल्यावर पृष्ठभागावर वाढणारी प्रथिनं) एकत्र बघावेत. पेशी सक्रिय आहेत का, याचं इतकं थेट उत्तर प्लाझ्मा देत नाही. पण फ्लो सायटोमीटरवर (रंगवलेल्या पेशींची चमक एकेक करून मोजणारं यंत्र) सीडी३८ची चमक हळूहळू चढत जाते, मध्ये स्पष्ट फट दिसत नाही. गेटची (कुठून पुढच्या पेशी ‘पॉझिटिव्ह’ धरायच्या, त्याची) रेघ थोडी सरकली की टक्केवारी बदलते. म्हणून एफएमओ कंट्रोल (एक रंग सोडून बाकी सगळे लावलेला नमुना) लावा, आणि गेट ठरवण्याची रीत सगळ्या नमुन्यांना एकच ठेवा. ईडीटीएतलं (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या ट्यूबमधलं) रक्त २४ तासांच्या आत स्टेन करा. काही नमुने ताजे, काही गोठवलेल्या पेशींचे, अशी सरमिसळ नको.

प्लाझ्माच असेल तर आयएल-६ (दाह वाढवणारं प्रथिन) आणि सोल्युबल सीडी१४ (मोनोसाइट या पांढऱ्या पेशी जिवाणूंच्या अंशांना प्रतिसाद देताना रक्तात सोडतात ते प्रथिन; पुढे नुसतं सीडी१४). ‘स्मार्ट’ या एचआयव्ही उपचारांवरच्या मोठ्या चाचणीच्या साठवलेल्या नमुन्यांत आयएल-६ आणि डी-डायमर (रक्ताची गुठळी विरघळताना उरणारा तुकडा) यांचा मृत्यूशी ठळक संबंध २००८ साली दिसला, सीडी१४चा २०११ साली. आयएल-६ मिलिलिटरला जेमतेम काही पिकोग्रॅम असतं. साधं किट तिथे आंधळं, हाय-सेन्सिटिव्हिटीच घ्यावं लागतं. ट्यूब टेबलावर तासन्‌तास राहिली तर पेशी तिथेच आयएल-६ सोडतात आणि आकडा फुगतो. सीडी१४चं उलट आहे: ते मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे लाखो पट जास्त. प्लाझ्मा शेकडो पट पातळ केला नाही तर सगळे नमुने स्टँडर्ड कर्व्हच्या, म्हणजे किट मोजू शकतं त्या मर्यादेच्या, वर जातात. शिवाय त्यावरून ‘आतड्यातून जिवाणूंचे अंश गळताहेत’ असा थेट निष्कर्ष काढू नका. मोनोसाइट इतर कारणांनीही ते सोडतात.

डी-डायमरला निळ्या बुचाची सायट्रेट ट्यूब लागते, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट. ट्यूब अर्धवट भरली की प्रमाण बिघडतं. रिपोर्टमध्ये एकक एफईयू आहे की डीडीयू, तेही बघा. एफईयूचा आकडा साधारण दुप्पट येतो.

एचएस-सीआरपी (दाह झाला की यकृतातून वाढणारं प्रथिन) सर्वांत स्वस्त, आणि सर्वांत भोळं. साधा ताप, हिरड्यांची सूज, कशानेही चढतं. १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर आलं तर दोन आठवड्यांनी पुन्हा मोजा. आपल्याकडे न सापडलेला टीबी सीआरपीच काय, आयएल-६ही वर नेतो. टीबीची लक्षणं विचारल्याशिवाय नमुना घेऊच नका.

पैसे दोनच मार्करपुरते असतील तर आमची निवड आयएल-६ आणि सीडी१४. प्लाझ्मा अर्ध्या मिलिलिटरच्या भागांत गोठवा, कारण पुन्हापुन्हा वितळवणं आयएल-६ला मानवत नाही. एका रुग्णाच्या सगळ्या भेटींचे नमुने एकाच प्लेटवर लावा.