साठलेले सिनेमे: रोज थोडे की सुट्टीला सलग?

सेट-टॉप बॉक्समध्ये रेकॉर्ड केलेले सिनेमे साठले, की मार्ग दोनच. सुट्टीला सलग बसलं तर डिस्क पटकन मोकळी होते, पण तिसऱ्या सिनेमापर्यंत लक्ष उडतं आणि चांगल्या दिग्दर्शकावर अन्याय होतो. भोसरीकडे गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असणाऱ्यांनी हेही बघावं: पुण्यात देखभालीसाठी वीज बहुधा गुरुवारीच बंद ठेवतात.

मी रोजच्या बाजूची. जेवणं आटोपल्यावर पाऊण तास पाहिलं तरी अडीच तासांचा सिनेमा चार रात्रींत संपतो, शिवाय दुसऱ्या दिवशी आईशी त्यावर मनसोक्त बोलणं होतं. रहस्यपट मात्र एका बैठकीतच पाहावा.

बॉक्स बदलायचा असेल तर सलगच उरका. जुनं रेकॉर्डिंग सहसा दुसऱ्या बॉक्सवर चालत नाही.