सेकंडहँड गाडी, साताऱ्याचे चढ आणि क्लच: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

वय ४४, गाडी शिकायची पहिलीच वेळ, गाव सातारा. गाडी २०१५ ची, एक हजार सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल. घेताना ६१ हजार किलोमीटर झालेली. फेब्रुवारीत घेतली, आता ऑक्टोबर लागलाय आणि काटा ६४ हजारांच्या जवळ आलाय. मायलेज, एसी, सर्व्हिसिंग यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला फक्त डाव्या पायाबद्दल लिहायचंय, कारण पहिले अडीच महिने माझी आणि गाडीची सगळी भांडणं क्लचवरून, म्हणजे इंजिन चाकांना जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या त्या एका पेडलवरून झाली.

आधी क्लासचं सांगते. २० दिवस, रोज अर्धा तास. शेवटच्या आठवड्यात पोवई नाक्यावरून मोती चौकापर्यंत मी गाडी एकदाही बंद न पाडता नेत होते. सर म्हणाले, "मॅडम, झाली की तुमची गाडी." मी घरी जाताना कंदी पेढे घेतले. आणि मग स्वतःची गाडी सोसायटीच्या गेटातून बाहेर काढताना चार वेळा बंद पडली. वॉचमनकाकांनी खुर्ची उचलून पार भिंतीशी नेली.

क्लासच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, हे मला ठाऊक होतं. पण तो क्लच किती वेळा दाबला जात होता, ते माझ्या पायाला ठाऊक नव्हतं. मधेच पेडल हलकं लागायचं, तो मला गाडीचा स्वभाव वाटायचा. सरांची चूक म्हणत नाही. भर बाजारात त्यांनी मला एकटीला सोडलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना आहे. पण क्लास संपला तेव्हा माझ्याकडे स्टिअरिंग आलं होतं, गिअर आले होते, क्लच मात्र निम्मा सरांकडेच राहिला होता.

यानंतर नवरा, दीर, शेजारचे काका, सगळ्यांनी एकच मंत्र दिला: हळू सोड. मी हळूच सोडत होते हो! इतकं हळू की मागच्या रिक्षावाल्याचा हॉर्न वाजून थकायचा. तरी शेवटी गचका बसायचाच.

उलगडा झाला तो कोडोलीच्या एमआयडीसीत, एका रविवारी सकाळी सहाला. रस्ता सपाट, रिकामा. दिराने सांगितलं, "वहिनी, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून खाली ठेवा. आज तो वापरायचाच नाही." पहिला गिअर, आणि फक्त क्लच. पेडल वर येत गेलं, बराच वेळ काही नाही, आणि मग एका जागी इंजिनाचा आवाज जड झाला, स्टिअरिंगला बारीक थरथर आली, आरपीएमचा काटा जरासा खाली आला. "हां, तिथं थांबा. पाय हलवू नका." मी थांबले. गाडी आपली आपण मुंगीसारखी निघाली. ॲक्सिलरेटर नाही, गचका नाही. मी दिराकडे बघितलं, आणि त्या आनंदात पाय उचलला. गाडी बंद.

पण मुद्दा कळला. 'हळू सोड' हा सल्ला अर्धवट आहे, 'तिथं थांब' हा खरा सल्ला. तळापासून पकडायच्या जागेपर्यंत, म्हणजे जिथे इंजिनाचा आवाज जड होतो तिथपर्यंत, पेडल झटकन आणलं तरी चालतं, तिथे काहीच घडत नसतं. मी नेमकी तिथेच सगळी सावधगिरी खर्च करत होते आणि जिथे थांबायचं तिथून घाबरून पाय काढत होते. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला आठशेच्या आसपास फिरतं. त्या फेऱ्यांवर पहिल्या गिअरमध्ये गाडीला ताशी पाच-सहा किलोमीटर वेग हवा असतो आणि चाकं तर जागची हललेली नसतात. हा फरक भरून निघेपर्यंत क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या चकतीवर, घासत सरकू द्यावं लागतं. ते दोन सेकंद पायाने द्यायचे. दिले नाहीत तर चाकं इंजिनालाच रोखून धरतात, आणि गाडी उडी मारून बंद पडते.

त्या दिवशी तासाभरात मी चाळीसेक वेळा गाडी हलवली आणि थांबवली. चारेक रविवार हेच केलं. एवढं क्लासमध्ये पहिल्या तीन दिवसांत करून घेतलं असतं तर, असं राहून राहून वाटतं. डिझेल गाडीवर शिकलेल्यांना हे सगळं अतिशयोक्त वाटेल. दिराची डिझेल आहे, ती नुसत्या क्लचवर चढालाही निघते. छोट्या पेट्रोल इंजिनात तेवढा जीव नसतो, त्यात एसी चालू असेल तर आणखी कमी. मी पहिले दोन महिने निघताना एसी बंदच ठेवायचे.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींनी खूप फरक पडला. एक, सीट. नवरा चालवून आला की सीट मागे गेलेली असायची आणि मला वाटायचं, क्लच बिघडला. पेडल तळापर्यंत दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, नाहीतर टाच टेकत नाही आणि टाच टेकली नाही तर पाय थरथरतो. दुसरी, चप्पल. जाड तळाची चप्पल घालून ती जागा कळतच नाही. गाडीत आता पातळ तळाचे जुने कॅनव्हासचे बूट पडलेले असतात. साडीवर ते कसे दिसतात, यावर घरात बोलून झालंय.

मग चढ. सातारा अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी उतारावर वसलेलं गाव, इथे चढ टाळून दूधही आणता येत नाही. समर्थ मंदिराकडे जाताना पुढे एसटी थांबली की माझ्या पोटात गोळा यायचा. ब्रेकवरून पाय काढून ॲक्सिलरेटरवर नेईपर्यंत गाडी मागे यायची. इथे हँडब्रेकने वाचवलं. ओढून ठेवायचा, पहिला गिअर टाकायचा, इंजिनाचा आवाज थोडा चढवायचा, क्लच त्या जागेपर्यंत आणायचा. गाडीचं नाक किंचित वर येतं, पुढे जायला धडपडतेय असं जाणवतं. मग हँडब्रेक सोडायचा. नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो, ब्रेक सोडल्यावर दोनेक सेकंद गाडी मागे येत नाही. माझ्या गाडीत नाही, आणि आता त्याची हळहळ वाटत नाही.

फजिती वेगळ्याच ठिकाणी झाली. सप्टेंबरात कासला फुलं बघायला निघालो, यवतेश्वरच्या घाटात रांग लागलेली. दर मिनिटाला गाडी वीत-दोन वीत पुढे. मला आता हाफ क्लच, म्हणजे पेडल त्या पकडायच्या जागी धरून ठेवणं, येत होतं ना, मग मी ब्रेक न लावता गाडी त्यावरच तोलून धरली, फार अभिमानाने. पंधरा मिनिटांनी जळका वास. आधी वाटलं पुढच्या टेम्पोचा. नवरा म्हणाला, "अगं, आपलीच आहे." तोलून धरताना क्लच प्लेट सतत घासत राहिली होती. बाजूला घेतली, अर्धा तास थांबलो. फुलांच्या जागी भाजलेली कणसं बघितली.

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी चालवून बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, पाय क्लचवर ठेवूनच चालवता का?" होय, ठेवत होते. प्लेट अजून चालेल म्हणाला; बदलायची झाली तर मजुरीसकट साडेसहा हजार. केबल ॲडजस्ट करून दिली. आणि गंमत अशी की त्यामुळे पकडायची जागा बोटभर खाली सरकली. आठ महिन्यांनी मी पुन्हा पोवई नाक्यावर गाडी बंद पाडली. पण या वेळी चार दिवसांत पाय सरावला, चार रविवार लागले नाहीत.

शिकाऊ लायसन्सची मुदत सहा महिने असते आणि ३० दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. मी तिसाव्या दिवसाची वाट बघणाऱ्यांतली होते, बरं झालं थांबले. परीक्षा जूनमध्ये दिली.

जे अजून जमत नाही तेही लिहिते: आमच्या पार्किंगच्या रॅम्पवर, रिव्हर्समध्ये, मान मागे वळवून, चढाला. मान वळली की टाच सुटते. काल दोनदा बंद पडली. वॉचमनकाका मात्र आता खुर्ची हलवत नाहीत, "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत हात दाखवतात.