मेल येतो, पण जात नाही: ॲप पासवर्ड की ओऑथ२?

थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती टाकल्यावर मेल येत राहतो आणि जायचा तेवढा अडतो, तेव्हा मेल बाहेर जाण्याचा पोर्ट, म्हणजे दाराचा क्रमांक, ४६५ की ५८७ यात संध्याकाळ घालवू नका. जीमेलला दोन्ही चालतात. अडतं ते बहुतेक ओळख पटवण्यात. मे २०२२च्या अखेरीस गूगलने साध्या खात्यांसाठी नेहमीच्या पासवर्डाची वाट बंद केली. उरले दोन रस्ते: गूगलने त्या प्रोग्रामसाठी वेगळा बनवून दिलेला १६ अक्षरी ॲप पासवर्ड, नाहीतर ओऑथ२, म्हणजे गूगलच्याच खिडकीत लॉगिन करून प्रोग्रामला परवानगी देणं.

इंदूरच्या सियागंजातल्या काही व्यापाऱ्यांचं जीएसटीचं काम आम्ही रामबागेतल्या घरूनच पाहतो. खातं काकांच्या नावाचं, कॉम्प्युटर तीन. दोन्ही रस्ते तुडवून झालेत.

वरवर पाहता ॲप पासवर्ड सोयीचा. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डानंतर फोनवरही होकार) चालू हवी, एवढीच अट. अक्षरं एकदाच दिसतात, ती उतरवून घ्यायची आणि तिन्ही मशीनवर टाकायची. ओऑथ२ला प्रत्येक मशीनवर गूगलची खिडकी उघडते, होकार मागते काकांच्या फोनवर, आणि काका दुपारी झोपलेले. थंडरबर्डात कुकीज बंद असतील तर ती खिडकीही धड चालत नाही. म्हणून नवी आवृत्ती टाकली त्या दिवशी येणारा मेल ओऑथ२वर नेला आणि जाणाऱ्याला घाईत ॲप पासवर्ड चिकटवून मोकळा झालो.

पुढे एका १९ तारखेच्या रात्री काकांनी खात्याचा पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी ३बी या जीएसटी विवरणाची शेवटची तारीख, चलनं पाठवायची होती. येणाऱ्या मेलने लगेच खिडकी उघडून विचारलं, नवा पासवर्ड दिला, गाडी सुरू. जाणारा मेल मात्र नुसता 'लॉगिन झालं नाही' म्हणत बसला. नवा पासवर्ड दिला, तोही नाकारला. पोर्ट बदलले, अँटीव्हायरस बंद केला, दोन तास गेले. मुख्य पासवर्ड बदलला की सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. परवानगी ओऑथ२चीही गेली होती. पण त्याने निदान तोंड उघडून सांगितलं. एकाच मशीनवर, एकाच सकाळी दोघांची परीक्षा झाली म्हणा ना.

तुमच्याकडे पासवर्ड वर्षानुवर्षं कोणी बदलत नसेल, तर ॲप पासवर्डानेही निभेल, नाही असं नाही. शिवाय आमच्या जुन्या स्कॅनरला ओऑथ२ कळतच नाही, त्याच्यासाठी एक ॲप पासवर्ड ठेवावाच लागला. आउटलुक डॉट कॉमचं खातं असेल तर निवडच नाही, ओऑथ२च. १६ सप्टेंबर २०२४पासून तिथे साधा पासवर्ड चालत नाही.

बाकी माझे तिन्ही कॉम्प्युटर आता ओऑथ२वर आहेत. जाणाऱ्या मेलची सेटिंग खात्याच्या पानावर शोधू नका, ती खात्यांच्या यादीत अगदी तळाशी असते. मीही ती तशीच विसरलो होतो. तिथे पडताळणीची पद्धत बदला, साठवलेल्या पासवर्डांतून जुना एसएमटीपीचा (म्हणजे जाणाऱ्या मेलचा) काढून टाका, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. आणि सगळी मशीनं एका बैठकीत उरका, काका चहाला उठलेले असताना.