भाडं शून्य, डिपॉझिट सहा लाख: डोंबिवलीत आमची झालेली फसवणूक

मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली या पट्ट्यात ‘हेवी डिपॉझिट’वर घर घेणं नवीन नाही. मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, दरमहा भाडं द्यायचं नाही किंवा नावापुरतं द्यायचं, आणि घर सोडताना सगळी रक्कम परत घ्यायची. गाठीला थोडी पुंजी आहे पण महिन्याची आवक बेताची आहे, अशा कुटुंबांना हा मार्ग सोयीचा वाटतो. कित्येकांचे व्यवहार सुरळीत पार पडतातही. आमचे मात्र सहा लाख रुपये गेले. एजंटने ते कसे काढून घेतले, हे मी तपशिलात लिहिते आहे, कारण याच पद्धतीने फसलेली आणखी कुटुंबं मला नंतर पोलीस ठाण्यात भेटली.

आम्ही परळच्या चाळीतले. चाळ पुनर्विकासाला गेली आणि बिल्डरने वर्षभराच्या भाड्याचा चेक एकदम हातात दिला. चेकवाटपाची तारीख जवळ आली की चाळीच्या आसपास एजंट दिसू लागतात. कोणाच्या घरी किती रक्कम येणार, हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं. शंभर-दीडशे कुटुंबं एकाच महिन्यात घर शोधायला बाहेर पडणार, सगळ्यांना घाई, सगळ्यांकडे एकरकमी पैसे. फसवणाऱ्याला याहून सोयीचं दुसरं काय हवं?

परळ-लालबागमध्ये भाड्याने राहणं आमच्या आवाक्यात नव्हतं. भांडुप, मुलुंडलाही बजेट बसेना. दिव्याला घरं स्वस्त होती, पण पाण्याची रड होती आणि कोणती इमारत अधिकृत, कोणती नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगेना. माझी मुलगी एका रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. तिची दुपारची पाळी असली की ती रात्री अकरानंतरच्या लोकलने परतते. म्हणून आम्ही डोंबिवली पूर्व धरली. तिथून सुटणाऱ्या लोकल आहेत, फडके रोडचा भाग रात्री उशिरापर्यंत जागा असतो, शेअर रिक्षाच्या रांगेत बायका दिसतात. मी आणि हे रात्रीच्या गाडीने उतरून स्टेशनपासून वेगवेगळ्या गल्ल्यांतून चालून पाहिलं. दिवे आहेत का, दुकानं किती वाजता बंद होतात, पाणी किती वेळ येतं, सगळं विचारलं. एमआयडीसीला लागून असलेली घरं थोडी स्वस्त मिळत होती. पण तिथल्या रासायनिक कारखान्यांत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये झालेले स्फोट आठवले आणि तो भाग आम्ही सोडला. वस्ती कशी पारखायची, याबद्दल मला आजही तेच सांगावंसं वाटतं: दिवसा घर बघा आणि रात्री रस्ता बघा.

एजंटने आमच्याकडून हेच सगळं नीट ऐकून घेतलं. त्याचं ऑफिस होतं, बाहेर पाटी होती, पाटीवर रेराचा, म्हणजे घरबांधणी व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता. (रेराची एजंट-नोंदणी घरांच्या विक्रीसाठी असते. भाड्याच्या व्यवहाराला तिचा काही आधार नाही, हे मला नंतर कळलं.) तो म्हणाला, “ताई, मुलगी रात्री उशिरा येणार म्हणजे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आतलंच घर बघू. वॉचमन असलेली सोसायटी बघू. तुमच्या मुलीची काळजी ती माझी काळजी.” आणि खरोखरच तसंच घर त्याने दाखवलं. वन बीएचके, दुसरा मजला, पूर्वेची खिडकी. बाजारभावाने त्या घराला महिन्याला चौदा हजार भाडं होतं. तो म्हणाला, मालक दुबईला आहेत, त्यांना मुलीच्या लग्नासाठी एकरकमी पैसे हवेत, सहा लाख द्या, दोन वर्षं भाडं नाही.

आम्ही कागद मागितले. त्याने लगेच दिले. मालकाच्या नावाचं लाइट बिल, मेंटेनन्सची पावती, शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स, मालकाचं आधार आणि पॅन. शिवाय मालकाने एजंटच्या नावे केलेलं नोटरीचं कुलमुखत्यारपत्र. ते एक सोडलं तर बाकी सगळे कागद अस्सल होते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आम्ही विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “हो, तो फ्लॅट त्यांच्याकडेच आहे.” तेही खोटं बोलत नव्हते. ‘मालकां’शी फोनवर बोलणंही करून दिलं. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, वहिनी, निश्चिंत राहा, स्वतःचं घर समजा. पैसे एजंटच्या खात्यात का, तर मालकाचं खातं एनआरआय आहे, तिथे भरायला अडचणी येतात. करार पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून, कारण रजिस्ट्रेशनसाठी मालकाला दुबईहून यावं लागेल आणि खर्चही खूप होतो. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे आधीच तयार उत्तर होतं. प्रश्न न विचारणारेच फसतात असं लोक म्हणतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

पुढे काही महिन्यांनी दारावर एक वयस्कर गृहस्थ आले. ते दुबईला कधी गेलेलेच नव्हते. पुण्याला मुलाकडे राहत होते. दोन महिने भाडं आलं नाही, फोन लागत नाही, म्हणून चौकशीला आले होते. त्यांच्या हातात रजिस्टर केलेला लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) होता. त्यात भाडेकरू म्हणून नाव एजंटचं, भाडं महिना चौदा हजार, आणि पोटभाडेकरू ठेवायचा नाही अशी स्पष्ट अट. आधार, पॅन, लाइट बिल हे सगळं त्यांनी त्या करारासाठी एजंटला विश्वासाने दिलं होतं. तेच कागद त्याने आम्हाला दाखवले. सेक्रेटरींच्या वाक्याचा अर्थही तेव्हा उलगडला: फ्लॅट एजंटकडेच होता, भाड्याने.

म्हणजे तो एका हाताने मालकाकडून महिन्याच्या भाड्यावर घर घेतो आणि दुसऱ्या हाताने ते आपल्याला हेवी डिपॉझिटवर देतो. आपल्याच पैशांतून मालकाला काही महिने वेळेवर भाडं पोचवतो, म्हणून मालकही गप्प असतो आणि आपणही. सात महिन्यांचं भाडं भरलं तरी अठ्ठ्याण्णव हजारच होतात. पाच लाखांहून अधिक रक्कम त्याच्या खिशात उरते. असे आठ-दहा फ्लॅट झाले की एक दिवस ऑफिसला कुलूप, पाटी उतरवलेली, फोन बंद.

या व्यवहारातला हिशेबच खरी गोष्ट सांगत असतो, आणि तो कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही मांडता येतो. सहा लाख रुपये बँकेत सात टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला बेचाळीस हजार व्याज मिळतं, म्हणजे महिन्याला साडेतीन हजार. चौदा हजार भाड्याचं घर कोणता मालक साडेतीन हजारांच्या मोबदल्यात देईल? चौदा हजारांइतकं व्याज सुटायला चोवीस लाख ठेवावे लागतात. पैशांची निकड असलेला मालक थोडा तोटा सोसेल, पण चौथ्या हिश्श्यावर येणार नाही. भाड्याच्या आणि डिपॉझिटच्या आकड्यांत एवढी दरी दिसली तर तिथेच थांबा.

हेवी डिपॉझिट देणारा माणूस स्वतःला भाडेकरू समजतो. खरं तर तो सहा लाखांचं कर्ज देत असतो, आणि तेही तारणाशिवाय. बँक कर्ज देताना जे विचारते तेच आपण विचारायला हवं: घर नक्की कोणाच्या नावावर आहे, त्यावर आधीचं कर्ज किंवा करार आहे का, आणि सही करणारा माणूस तोच आहे का. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये घराच्या खरेदीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराचा सरकारी गोषवारा, बघता येतो. त्यावरचं नाव आणि ज्या खात्यात पैसे जाणार त्या खात्यावरचं नाव एकच हवं. मालक समोर हवा, किमान व्हिडिओ कॉलवर ओळखपत्र हातात धरून. पोलीस व्हेरिफिकेशनच्या कागदावर विसंबू नका. तो भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्यासाठी असतो, मालकी तपासण्यासाठी नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे करार रजिस्टर झालाच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तसं न केल्यास मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटरीने ही अट पूर्ण होत नाही. आणि खर्च? मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरून त्या रकमेवर ते मोजतात. सहा लाखांवर दोन वर्षांचे एक लाख वीस हजार झाले, त्यावर शुल्क तीनशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. ऑनलाइन हाताळणीचे किरकोळ पैसे वेगळे. अंगठ्याचा ठसा घ्यायला माणूस घरी येतो, मालक पुण्यात असला तर पुण्यातही जातो. ‘रजिस्ट्रेशनला खर्च फार होतो’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून ऐकलं तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवा.

या पट्ट्यात आणखी एक धोका आहे. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ बेकायदा इमारती पाडायला सांगितलं. बनावट परवानग्यांच्या आधारे त्यांनी महारेराची नोंदणीसुद्धा मिळवली होती. अशा इमारतीत महिन्याच्या भाड्याने राहणारा सामान उचलून निघू शकतो. हेवी डिपॉझिटवाल्याची मात्र सगळी पुंजी तिथे अडकते. महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लावते आणि बेकायदा बांधकामांचीही माहिती देते. दोन्हींत इमारतीचं नाव बघूनच पुढे जा.

आमच्या घराचे खरे मालक समंजस निघाले. त्यांनी आम्हाला लगेच बाहेर काढलं नाही. त्यांच्याशी नवा, रजिस्टर केलेला करार करून आता आम्ही चौदा हजार भाडं भरतो. बिल्डरकडून आलेले पैसे, ह्यांच्या पीएफमधून काढलेली रक्कम आणि माझी मोडलेली एफडी, हे सगळं त्या सहा लाखांत गेलं. मुलीने पुढच्या शिक्षणाचा विचार सध्या बाजूला ठेवलाय. याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला आहे. पण फौजदारी गुन्हा नोंदवला म्हणजे पैसे आपोआप परत मिळतात असं नाही. वसुलीसाठी दिवाणी दावा वेगळा करावा लागतो आणि त्याला तीन वर्षांची मुदत असते, ती कोणी वाया घालवू नये. पैसे नुकतेच ऑनलाइन पाठवले असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, लवकर कळवलं तर रक्कम पुढे वळती होण्याआधी खात्यात गोठवता येते. आणि डोंबिवली पूर्वेला अशाच पद्धतीने घर घेतलेलं कोणी हे वाचत असेल, तर मालकाला आजच स्वतः फोन लावा. नंबर एजंटकडून घेऊ नका, सोसायटीच्या रजिस्टरमधून घ्या. काही गडबड निघाली तर एकट्याने जाऊ नका. आम्ही काही कुटुंबं आता एकत्र तक्रारीचा पाठपुरावा करतो आहोत, कारण एकाच माणसाविरुद्ध अनेक तक्रारी असल्या की हा मालक-भाडेकरूचा घरगुती वाद आहे असं म्हणून कोणी त्या बाजूला सारू शकत नाही.