‘डाऊन’ म्हणून विकलेली स्लीपिंग बॅग, आणि केदारकंठाच्या बेस कॅम्पवरची ती रात्र

बर्फातल्या ट्रेकसाठी सध्या बरेच जण सामान घेतायत म्हणून मुद्दाम लिहितेय, लांबलंय पण पूर्ण वाचा.

गेल्या डिसेंबरात मी आणि माझी भाची उत्तराखंडातल्या केदारकंठाला गेलो होतो. सांकरीहून चढाई सुरू, मग जुडा का तालाब, मग बेस कॅम्प आणि पहाटे अंधारात निघून शिखर, १२,५०० फूट. सह्याद्रीत मी पंधरा वर्षं फिरतेय पण बर्फात पहिल्यांदाच जात होते. बॅगा तिथे भाड्याने मिळतात हे माहीत होतं, पण म्हटलं स्वतःच्याच घेऊ, पुढेही उपयोगी पडतील. मोबाईलवर एक जाहिरात सारखी येत होती, डाऊन म्हणजे पक्ष्यांची मऊ लव भरलेली स्लीपिंग बॅग, उणे २० डिग्रीपर्यंत चालणारी, मूळ किंमत ११,९९९ आणि आता फक्त ४,२००. दुकानदाराशी फोनवर बोलले तर माणूस इतका गोड, "ताई, लडाखला जाणारी मुलं आमच्याकडूनच नेतात." व्हिडिओसुद्धा पाठवला त्याने, पायाकडच्या शिवणीतून चिमटीने पांढरं पीस ओढून दाखवलं, बघा ताई ओरिजिनल. दोन घेतल्या, ८,४०० रुपये यूपीआयने लगेच दिले.

ट्रायल म्हणून हरिश्चंद्रगडाला नेल्या, पाचनईत एका घराच्या ओसरीवर झोपलो, छान ऊब लागली आणि मी निर्धास्त झाले. इथेच मी फसले, कारण आपल्याकडची आठ-दहा डिग्रीची थंडी म्हणजे बॅगेची परीक्षाच नाही, तेवढ्याला घरची गोधडीसुद्धा पुरते.

बेस कॅम्पला रात्री गाईडचा थर्मामीटर उणे ९ दाखवत होता. अंगात थर्मल, त्यावर फ्लीस, दोन जोड मोजे, टोपी, खाली दोन मॅट एकावर एक, म्हणजे बाकी काही कमी नव्हतं. अकराच्या सुमाराला मला जाग आली ती पाठीवर आणि मांडीवर आडव्या गार पट्ट्या लागत होत्या म्हणून, बोट फिरवून बघितलं तर बरोब्बर शिवणीच्या रेघा. चेनच्या कडेने तर वारा सरळ आत. तेवढ्यात शेजारून दात वाजल्याचा आवाज यायला लागला, भाचीला हाक मारली तर ती "मावशी, चेन उघडत नाहीये" एवढंच म्हणाली आणि तिची बोटं खरंच चेनची पट्टी धरू शकत नव्हती. बहिणीने माझ्या भरवशावर पाठवलेली पोर. त्या क्षणी पोटात जे काही झालं ते लिहिता येत नाही मला.

गाईडला उठवलं. त्याने बॅग दोन बोटांत दाबून बघितली आणि म्हणाला, "दीदी, ये बॅग इधर का नही है." त्याने तिला किचन टेंटमधून गरम साखरेचं पाणी आणून पाजलं, स्टीलच्या बाटलीत उकळतं पाणी भरून मोज्यात घालून पोटाशी दिलं आणि त्यांच्याकडच्या दोन जाड बॅगा एकात एक घालून तिला त्यात झोपवलं. दीड तासाने थरथर थांबली. तिची बॅग मी माझ्या बॅगेवरून ओढून घेतली आणि तशीच सकाळपर्यंत बसून काढली. शिखर सोडून दिलं, उजाडल्यावर खाली उतरलो.

घरी आल्यावर ब्लेडने शिवण उसवली. आत पांढऱ्या पॉलिस्टर वॅडिंगची एक पातळ शीट, उशीत असते तसली, आणि पायाच्या कोपऱ्यात मूठभर तुटकी पिसं, म्हणजे व्हिडिओत ओढून दाखवायला तेवढीच! आतला पुंजका चिमट्यात धरून जाळला तर वितळून काळा मणी झाला आणि प्लास्टिकचा वास आला. खरं डाऊन जाळलं की केस जळाल्यासारखा वास येतो आणि चुरा होतो. आणि पीस म्हणजे डाऊन नव्हेच, हे तेव्हा मला माहीत असतं तर तो व्हिडिओ बघूनच फोन ठेवला असता. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छाती-पोटाजवळची मऊ लव, तिला मधे कडक काडी नसते. काडी असते ते साधं पीस, चांगल्या बॅगेत ते अगदी थोडं असतं. वाण्याच्या काट्यावर वजन केलं तर १ किलो १५० ग्रॅम, जाहिरातीत १.८ किलो लिहिलेलं. उणे १०ला खरोखर नीट झोप देणारी सिंथेटिक बॅग असेल तर ती दोन किलोच्या आत सहसा बसत नाही.

आता त्या उणे २० बद्दल. बॅगेच्या तापमानाचं एक स्टँडर्ड आहे, आधी युरोपियन ईएन १३५३७ होतं, आता आंतरराष्ट्रीय आयएसओ २३५३७. त्यात कम्फर्ट (आरामात झोप लागेल ते तापमान), लिमिट (अंग आखडून कशीबशी झोप लागेल ते) आणि एक्स्ट्रीम असे वेगवेगळे आकडे असतात. एक्स्ट्रीम म्हणजे एखादी बाई सहा तास कशीबशी जिवंत राहील एवढंच, त्यात हिमदंशसुद्धा होऊ शकतो. कम्फर्ट शून्य असलेल्या बॅगेचा एक्स्ट्रीम उणे वीसच्या पुढे जातो, म्हणून विकणारे तोच आकडा मोठ्या अक्षरात छापतात. कम्फर्टचा आकडा बाईचं शरीर धरून काढतात आणि लिमिटचा पुरुषाचं, त्यामुळे बायकांनी तर कम्फर्टच बघा, तोही जिथे जायचंय तिथल्या थंडीपेक्षा पाच डिग्री खालचा. आमच्या बॅगेवर तर नुसतंच उणे २० होतं, कुठलं स्टँडर्ड, काही नाही. फिल पॉवर (डाऊन किती फुगतं त्याचा आकडा) किती आणि आत डाऊन किती ग्रॅम हे विचारलं असतं तरी तो अडकला असता. चांगल्या डाऊनची फिल पॉवर ६००च्या वर असते आणि भरलेल्या मालाचं वजन खरा विकणारा वेगळं सांगतो. आणि शिवण आरपार आहे का ते बघा, असली तर बॅग उजेडात धरली की रेघेवर कापड नुसतं कापडाला चिकटलेलं दिसतं, थंडी तिथूनच आत येते.

दुकानदाराला फोन केला तर सूर एकदम बदलला, "मॅडम, वापरलेला माल आहे, सात दिवसांची रिटर्न होती, तुम्ही मॅट वापरली नसेल." दोन दिवसांत जाहिरातीतला ‘डाऊन’ शब्दही गायब. पण भाचीने खरेदीच्या दिवशीच त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, पैसे दिल्याची नोंद होती आणि उसवलेल्या बॅगेचे फोटो होते, ते सगळं जोडून ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार केली. पाच आठवडे फोनाफोनी केल्यावर एका बॅगेचे ४,२०० परत आले. दुसरी मी उसवली म्हणून तो देत नाहीये, त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकतेय.

ज्यांची बॅग घरी येऊन पडलीय त्यांनी आजच ती पिशवीतून काढून वजन करा आणि रात्रभर मोकळी पसरून ठेवा. खरं डाऊन असेल तर सकाळपर्यंत फुगलेलं दिसेल. सपाट राहिली तर रिटर्नचे दिवस संपायच्या आत परत पाठवा, आणि ट्रेक जवळ आला असेल तर सरळ तिथूनच भाड्याने घ्या.